वाळत घातलेली गिटार

दसरा उलटला की मंगरूळपीरच्या आसपासचे रस्ते अर्धे होतात. डांबराच्या एका बाजूनं गाड्या जातात आणि दुसऱ्या बाजूला सोयाबीन वाळत असतं. कडेनं दगड मांडलेले, ताडपत्र्या अंथरलेल्या, त्यावर पिवळा दाणा पसरलेला. हवेत कुटाराची, म्हणजे मळणीतल्या भुशाची, धूळ असते. ती नाकात जाते, पापण्यांवर बसते, आत्ताच पुसलेल्या पेटीवर पुन्हा बसते. दूरच्या शेतांतून मळणीयंत्रांची घरघर दिवसभर येत राहते. मला हा मोसम आवडायचा. आवडायचा असं म्हणते, कारण हल्ली याच मोसमात माझ्या दाराशी खोकी येतात.

खोकी लांबट असतात, पुठ्ठ्याची, चिकटपट्टीनं गुंडाळलेली. आत इलेक्ट्रिक गिटार असते. घेऊन येणाऱ्याच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न असतो आणि तो त्यानं विचारायच्या आधीच मला राग आलेला असतो.

मी इथल्या मुलींच्या शाळेत संगीत शिकवते. शिकवते म्हणजे पेटीवर प्रार्थना बसवते, स्वागतगीत बसवते, आणि पाहुणे उशिरा आले तर तेच स्वागतगीत पोरींकडून पुन्हा म्हणवून घेते. पण अमरावतीला कॉलेजात असताना मी एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायची. ही गोष्ट कोणी तरी कुठे तरी बोललं आणि झालं! तेव्हापासून तालुक्यात कोणीही गिटार मागवली की ती आधी माझ्याकडे येते. डॉक्टरला लोक लग्नाच्या पंगतीत जीभ काढून दाखवतात ना, तसंच. मी बाजारात मेथीची जुडी चाळत असताना एकानं मोबाइलवर गिटारचा फोटो नाकासमोर धरून विचारलं होतं, "मॅडम, ओरिजनल हाय का?" फोटोवरून! मी त्याला म्हटलं, मेथी फोटोवरून घेतोस का रे? तो म्हणाला, "हाव ना, आता तेही येते ऑनलाइन." 

सगळ्यात जास्त चीड मला 'इम्पोर्टेड' या शब्दाची येते. "मॅडम, इम्पोर्टेड हाय," हे असं सांगतात, जसं काही जावई विलायतेला आहे. अरे बाबा, इम्पोर्टेड म्हणजे दुसऱ्या देशात बनलेली, एवढंच. चांगली बनलेली असा त्याचा अर्थ कोणत्याही भाषेत होत नाही. कुठल्या तरी दूरच्या कारखान्यात एकाच साच्यातून हजारो धडं निघतात. त्यांच्या माथ्यावर वेगवेगळी नावं चिकटवतात, कुण्या गोऱ्या साहेबाचं आडनाव वाटावं अशी, आणि ती जगभर जातात. नाव बदलतं, खोकं बदलतं, किंमत बदलते. आतलं लाकूड, तारा, वायरी त्याच. हे सांगायला गेलं की समोरचा माझ्याकडे अशा नजरेनं पाहतो, जणू मी त्याच्या घरच्या माणसाबद्दल वाईट बोलले.

मग लोक आपली परीक्षा स्वतःच घेतात. तीही पाहण्यासारखी असते. एक जण गिटार दोन्ही हातांवर तोलतो. "वजन तं हाय." वजन आहे म्हणजे माल खरा. दुसरा पाठीवर बोटानं ठोकून पाहतो, टरबूज घेताना ठोकतात तसं. तिसरा वास घेतो. एका गृहस्थांनी रंगावरून नख ओढलं आणि रंग निघाला नाही म्हणून समाधानानं मान हलवली. सोबत काय काय फुकट आलं याची यादी तर प्रत्येकाला पाठ असते: पिशवी फुकट, पट्टा फुकट, नखी फुकट, आणि जेवणाच्या डब्याएवढा तो आवाजाचा डबा, जो चालू केला की गिटार वाजवण्याआधीच आपणहून गुणगुणायला लागतो. सूर लागतो का, हे मात्र कोणी पाहत नाही. ते मॅडम पाहतील.

खरं तर पाहायचं फार थोडं असतं. मानेच्या, म्हणजे लांब दांडीच्या, कडेवरून बोट फिरवायचं. आडव्या धातूच्या ज्या पट्ट्या असतात, ज्यांना आपण सतारीसारखे पडदे म्हणू, त्यांची टोकं बोचली तर समजायचं, कारखान्यात कोणाला तरी घाई होती. एक डोळा मिटून मान सरळ आहे की पिळलेली ते बघायचं. खुंटी पिळून सूर लावायचा, तार ताणायची, सोडायची आणि सूर जागेवर परत येतो का ते ऐकायचं. मोकळी तार आणि मधोमध दाबलेली तार एकमेकींशी भांडत नाहीत ना, एवढं पाहिलं की झालं. चकाकीचा, वजनाचा आणि वासाचा याच्याशी काही संबंध नाही.

आणि इतकं पाहून जे कळतं ते कोणालाच ऐकायचं नसतं. स्वस्तातली गिटार चांगली नसते आणि वाईटही नसते. ती अर्धवट असते. कारखान्यानं जे काम करायचं सोडलं, ते कोणी तरी मांडी घालून बसून करायचं असतं. टोकं घासायची, तारा खाली आणायच्या, मान सरळ करायची. ते करणारं कोणी असेल तर ती गिटार आपल्या किमतीच्या कितीतरी पुढे जाते. नसेल तर भिंतीवर टांगायची शोभा होते. हे मी इतक्यांना, इतक्यांदा सांगितलं आहे की आता माझा मलाच कंटाळा येतो. ते सगळं ऐकून समोरचा विचारतो, "ते झालं मॅडम, पण चांगली हाय का खराब हाय?"

हा प्रश्न मला पहिल्यांदा गजाननभाऊंनी, माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी, विचारला होता. म्हणूनच दर वर्षी सोयाबीन रस्त्यावर आलं की मला तो मोसम आठवतो, आणि आठवला की आजही माझं डोकं फिरतं.

त्या वर्षी पाऊस जाता जात नव्हता. कापून रचलेल्या सोयाबीनच्या सुड्यांवर दुपारी ऊन आणि संध्याकाळी सर, असं चाललं होतं. गावोगाव एकच शब्द लोकांच्या तोंडी होता: ओल. माल ओला आहे, माल ओला निघाला, ओल जास्त म्हणून भाव पडला. बाजार समितीत व्यापारी मूठभर दाणे मशीनमध्ये टाकायचे आणि काटा बघून तोंड वाकडं करायचे. शेतकरी त्या मशीनवर विश्वास ठेवत नसत. ते दाणा दाताखाली धरायचे. दाणा चेपला तर ओला. कट्ट वाजून दोन फोडी झाल्या तर वाळलेला. एस.टी.त, चहाच्या टपरीवर, तहसीलच्या पायरीवर, जिथे पाहावं तिथे माणसं दाणे चावत आणि कान देऊन ऐकत होती.

तेव्हा वैष्णवी नववीत होती. मानोऱ्याच्या रस्त्यावरच्या एका गावातून एस.टी.नं शाळेत यायची. आई-वडील कोरडवाहू शेती करणारे, घरात कोणी कधी पेटीलाही हात लावलेला नाही. आणि ही पोरगी माझी जुनी गिटार एकदा हातात घेऊन बसली ती उठेचना. शाळेत गिटार एकच आणि मुली पुष्कळ, त्यामुळे तिच्या वाट्याला आठवड्यातून एकदा जेमतेम थोडा वेळ यायचा. बाकीचे दिवस ती डाव्या हाताच्या बोटांनी उजव्या मनगटावर सूर धरायची. प्रार्थनेला ओळीत उभी असताना, इतिहासाच्या तासाला, एस.टी.च्या खिडकीशी, मनगटावर बोटं सारखी चाललेली. मी इतकी वर्षं शिकवते आहे. पेटी लवकर येणाऱ्या मुली पुष्कळ पाहिल्या, पण हात रिकामा असतानाही वाजवत राहणारी ही एकच.

आणि मग एका दुपारी गजाननभाऊ, म्हणजे तिचे वडील, खोकं खांद्यावर घेऊन माझ्या अंगणात आले. मागे वैष्णवी. पुतण्याच्या मोबाइलवरून गिटार मागवली होती. मागवली तेव्हा आनंदात होते. पण खोकं गावात उतरलं आणि पारावरच्या मंडळींनी त्याचं शवविच्छेदन केलं. कोणी म्हणालं प्लायवूड आहे, कोणी म्हणालं खेळणं आहे, कोणी म्हणालं, गजानन, तुले फसवलं बावा. आमच्याकडे माणूस नुकसान सोसतो. फसलो हे चारचौघांत ऐकणं त्याला सोसत नाही.

"मॅडम, पाहून द्या बरं," ते म्हणाले. "चांगली असन तं ठेवतो. नाही तं वापस. दिवाईपर्यंत वापस घेते म्हणते ते कंपनीवाले. अन् वापस केली तं मंग दुसरी नाही, हे म्या हिले सांगून ठेवलं हाय."

वैष्णवी खोक्याकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती.

लाल रंगाची गिटार होती. रंग इतका चकचकीत की त्यात माझं अख्खं अंगण दिसत होतं, तुळशीसकट. मी कडेवरून बोट फिरवलं. टोकं बोचली. तारा उंच होत्या, खुंट्या सैल होत्या, डबा गुणगुणत होता. पण मान सरळ होती. सूर लावल्यावर, जरा मनवल्यावर, तो टिकत होता. मी चार सुरांची एक साधी जागा वाजवली आणि तिच्यात काहीतरी आहे हे मला कळलं. काम केलं तर ही मुलगी या गिटारवर पुढची कितीतरी वर्षं काढेल.

"वाईट नाही," मी म्हटलं.

"वाईट नाही म्हंजे?"

"म्हणजे या पैशात ठीक आहे. थोडं काम करावं लागेल."

"नव्या मालावर काम कायले करा लागते?"

मी समजावून सांगायला बसले. कारखाना, घाई, पडदे, टोकं, सगळं. ते ऐकत होते, पण खिशातून सोयाबीनचा दाणा काढून बोटांत फिरवत होते. शेवटी म्हणाले, "मॅडम, मले एकच शब्द सांगा. चांगली का खराब?"

आणि इथे मी, समजायला सोपं जावं म्हणून, म्हणाले, "अहो, मानेचं लाकूड जरा ओलं आहे अजून. एखादा मोसम गेला की बसेल ते."

ओलं! त्या वर्षी, त्या महिन्यात, त्या माणसासमोर! गजाननभाऊंच्या हातातला दाणा थांबला. बाकी मी जे काही तासभर बोलले होते ते सगळं वाऱ्यावर गेलं आणि तो एक शब्द अंगणात उभा राहिला.

"ओला माल," ते म्हणाले. "मंग तं फसवलंच ना."

मी पुन्हा सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. लाकडाची ओल वेगळी, सोयाबीनची वेगळी, यात फसवणूक काही नाही, ही गिटार ठेवा. ते "हाव, हाव" म्हणत गिटार खोक्यात भरत होते. ज्या हाव-हावचा अर्थ नाही असा असतो, ते हाव-हाव. वैष्णवीनं खोक्याचं दुसरं टोक उचललं. फाटकातून जाताना तिनं एकदा वळून पाहिलं.  एका शब्दासाठी एका मुलीची गिटार जाणार होती, आणि तो शब्दही धड चुकीचा नव्हता.

मग दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या. ऊन अखेर चांगलं पडायला लागलं होतं. मी बहिणीकडे मानोऱ्याला निघाले होते. एस.टी.त खिडकीची जागा मिळाली म्हणून खुशीत होते. दोन्ही बाजूंना सोयाबीन वाळत होतं. बाया ताडपत्रीवर पाय ओढत चालत होत्या, पायामागे दाण्यांत सरळ सरळ ओळी उमटत होत्या, ओला दाणा वर, वाळलेला खाली. दाण्यांवर पाय घासल्याचा तो खसखस आवाज मला फार आवडतो. मी तो ऐकत होते आणि तेवढ्यात मला ती दिसली.

पिवळ्या सोयाबीनच्या मधोमध, आभाळाकडे तोंड करून, लाल गिटार वाळत पडली होती.

मी इतक्या जोरात ओरडले की ड्रायव्हरनं ब्रेक मारला. कंडक्टर धावत आला. "काय झालं मॅडम? कोनी पडलं का?"

"गिटार!" मी म्हटलं. "गिटार वाळत घातली आहे!"

त्यानं खिडकीतून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मंग? तुमची हाय का?"

"माझी नाही."

"मंग तुमाले काय करा लागते?"

खरं होतं त्याचं. मी पिशवी घेऊन उतरले तरी.

वैष्णवीची आई मीराबाई सोयाबीनमध्ये पाय ओढत होत्या. गिटारपाशी आल्या की वाकून तिला उलटवायच्या आणि पुढे जायच्या. मला पाहून त्या हसल्या. "या मॅडम, या. तुमच्याच मालाचं चालू हाय."

गजाननभाऊ झाडाखालून उठून आले. त्यांच्या चेहऱ्यावर केलेल्या कामाचं समाधान होतं. "चांगली वाऊन राह्यली मॅडम," ते म्हणाले. "अंदरूनही वाऊ देली." म्हणजे पाठीमागची झाकणी काढून ठेवली होती. आतल्या स्प्रिंगांवर धूळ होती, कुटार होतं, दाणे होते. तारा काढून बाभळीच्या फांदीला अडकवल्या होत्या. झाकणीचा एक स्क्रू हरवला होता. माथ्यावरचं ते गोऱ्या साहेबाचं नाव उन्हानं अर्धं उचकटलं होतं. आता ही गिटार जगातली कुठलीही कंपनी परत घेणार नव्हती.

"कोणी सांगितलं तुम्हाला हे?" मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी ओरडले.

"तुमीच तं म्हटलं ओली हाय म्हणून. म्या तं बांधून ठेवली होती वापस द्याले. हे वैष्णवी म्हणे, मॅडमनं वाऊ घालाले सांगतलं हाय, वाळली की चांगली होते."

वैष्णवी ताडपत्रीच्या टोकाला उभी राहून दगड नीट लावत होती. ते नीटच होते.

"मी कधी सांगितलं गं तुला?" मी तिच्यावर घसरले. "लाकूड बसेल म्हटलं होतं. वाळवा म्हटलं होतं का? तुला तरी कळायला नको? इतकी वर्षं शिकवते मी तुम्हाला, आणि तू गिटार सोयाबीनमध्ये घालतेस?"

"मले तसंच वाटलं, मॅडम," ती म्हणाली आणि मान खाली घातली. मी कपाळावर हात मारला. इतकी हुशार मुलगी आणि एवढं साधं कळू नये! गावाच्या पाण्यातच काहीतरी असावं, असंही मी त्या दिवशी मोठ्यानं म्हटलं. मीराबाईंनी त्यावर मला त्याच पाण्याचा चहा करून दिला.

मग काय, बसले. उन्हानं लाकूड आणखी आकसलं होतं आणि पडद्यांची टोकं आता दोन्ही कडांनी काट्यांसारखी बाहेर आली होती. मी गजाननभाऊंकडे कानस मागितली. विळे घासायची कानस होती, जाडीभरडी. लाकडावर चिकटपट्टी लावली आणि एक एक टोक घासत गेले. घासताना बोलतही होते, त्या घराण्याच्या मागच्या पिढ्यांपर्यंत. कुणी मनावर घेतलं नाही. वैष्णवी धूळ फुंकत होती. गजाननभाऊ उकिडवे बसून बघत होते. तारा चढवल्या. हरवलेल्या स्क्रूच्या जागी त्यांनी फवारणीच्या पंपाचा एक जाडा स्क्रू काढून आणला आणि मी नको नको म्हणत असताना असा काही पिळून बसवला की झाकणी जन्माची बंद झाली.

वैष्णवीनं गिटार मांडीवर घेतली. डबा लावलाच नव्हता, त्यामुळे आवाज अगदी बारीक आला, जेमतेम ताडपत्रीच्या कडेपर्यंत. पण सूर बरोबर होता. मीराबाई पाय ओढायच्या थांबल्या. गजाननभाऊंनी एक दाणा तोंडात टाकला आणि चावला. "आता वापस तं जात नाही," ते म्हणाले आणि सोयाबीनची पोती भरायला उठले.

सगळ्यात जास्त संताप मला कशाचा येत असेल, तर त्या वाळवण्याचा उपयोग झाला याचा. लाकडानं त्या एका उन्हाच्या दुपारी म्हणा किंवा त्यानंतरच्या हिवाळ्यात म्हणा, जे काही आकसायचं ते आकसून घेतलं, आणि त्यानंतर त्या पडद्यांची टोकं पुन्हा कधी बोचली नाहीत. हे मी अर्थातच कोणाला सांगितलं नाही. पण गजाननभाऊंनी सांगितलं. तालुकाभर सांगितलं. मागच्या वर्षी पोहरादेवीच्या यात्रेहून आलेला एक जण मला विचारत होता, "मॅडम, गिटार वाळवाची असन तं किती ऊन द्या लागते?" मी दार लावून घेतलं.

वैष्णवी आता अकोल्याला असते. तिथे कॉलेज करते आणि संध्याकाळी मुलांना गिटार शिकवते. ती मुलं नव्या नव्या गिटारी घेऊन येतात, आणि ही त्या जुन्या लाल गिटारवर त्यांना शिकवते. सुट्टीला आली की ती गिटार दुरुस्तीला माझ्याकडे घेऊन येते. दर वेळी मी तिला सांगते की एक चांगली घे आता. दर वेळी ती हो म्हणते. बापाचं हाव-हाव तिच्यात बरोबर उतरलं आहे.

आणि त्या गिटारचा एक त्रास मला इतकी वर्षं पुरला. ती हलवली की आत खुळखुळ वाजायचं. मी पुढची पाटी कितीदा उघडली, वायरी तपासल्या, नवे टाके मारले, स्वस्त मालाला आणि कारखान्याला मनसोक्त शिव्या दिल्या. खुळखुळ तशीच. मागून बघावं तर तो पंपाचा स्क्रू. त्याच्यापुढे माझे सगळे पेचकस हरले होते.

या वर्षीही दसरा झाला आणि वैष्णवी आली. वायर जोडायची जागा सैल झाली होती. अंगणात बसलो होतो, रस्त्यावरून कुटाराची धूळ येत होती. मी पुन्हा त्या स्क्रूशी झटायला लागले, केवळ सवयीनं, आणि काय झालं देव जाणे, तो फिरला. करकरला, फिरला आणि बाहेर आला. झाकणी उघडली. मी गिटार उपडी केली आणि सतरंजीवर टप्पकन एक दाणा पडला.

सोयाबीनचा.

मी त्या दाण्याकडे बघत राहिले. टाके मारलेल्या सगळ्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांपुढून गेल्या. "हा? हा खुळखुळत होता?"

"हाव," वैष्णवी म्हणाली. तिला आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

"तुला माहीत होतं?"

"म्याच झाकणी काढली होती ना मॅडम, तवा. दाणे बी म्याच लोटले आत. मंग बाकीचे निंगले, हा राह्यला. राहू देला."

 "तू लोटलेस?"

"बाबानं खोकं बांधलं होतं. सकायी घेऊन जानार होते." ती तारा गुंडाळत होती, माझ्याकडे बघत नव्हती. "मंग म्या सांगतलं, मॅडम म्हणते वाऊ घाला. बाबा तुमचं ऐकते ना. अन् एक डाव वाळत घातलेला माल कोनी वापस घेते का, मॅडम?"

मी इतकी वर्षं तिला भोळी समजत होते. त्या ताडपत्रीवर मी काय काय बोलले होते! तिच्या अकलेबद्दल, गावाच्या पाण्याबद्दल. आणि ती खाली मान घालून दगड नीट लावत होती. मला तिचा राग आला, खरंच आला, आणि मध्येच मला तिच्या मनगटावर चालणारी ती बोटं आठवली. राग अर्ध्यावरच राहिला.

"बाबांना माहीत आहे?"

"नाही. ते अजूनही सांगते सगळ्यायले, मॅडमच्या सांगण्यावरून वाळवली म्हणून टिकली. तुमाले भेटले की विचारते ना, तो माल कसा निंगला म्हणून?"

विचारतात. दर वेळी विचारतात. बाजारात, एस.टी.त, कोणाच्या लग्नात. त्यांना त्या दिवशी अंगणात एक शब्द हवा होता आणि तो त्यांना अजून मिळालेला नाही. मी दर वेळी कारखान्यापासून सुरुवात करते आणि ते दर वेळी मध्येच हाव-हाव म्हणून निघून जातात.

मी सतरंजीवरचा दाणा उचलला. पिवळेपणा गेला होता, तपकिरी झाला होता, आणि घासून घासून गुळगुळीत झाला होता. दाताखाली धरला आणि दाबला. कट्ट वाजला. इतका स्वच्छ की वैष्णवीनं मान वर करून पाहिलं.

"बाबांना सांग," मी म्हटलं, "माल वाळला."